कौसल्याबाईंची अद्रकी बीअर

कौसल्याबाईंच्या घरी जायचं असेल तर आधी तोंड उघडावं लागतं. बोलायला नव्हे, वास द्यायला. फाटकाशी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या असतात आणि म्हणतात, "हा करा." तुम्ही "हाऽ" करायचं, त्यांनी नाक पुढे करायचं, की मग निकाल. पोस्टमन असो, सिलिंडरवाला असो, निवडणुकीत हात जोडत आलेला उमेदवार असो, सुटका कुणाची नाही. एकदा सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही त्यांनी दारातच हा करायला लावलं. भटजी चिडले. बाई म्हणाल्या, "महाराज, देवाले वास आला तं तो काई बोलनार नाई. मले बोला लागते."

पूजा नीट पार पडली, पण ते भटजी पुन्हा आमच्या गल्लीत दिसले नाहीत.

मी आरमोरीतल्या एका राईस मिलमध्ये मुनीम आहे आणि माझं घर बाईंच्या घराला लागून आहे. मधे कमरेएवढी भिंत. आता खरं सांगायचं तर मला महिन्या-दोन महिन्यांनी एखादी बीअर लागते. ज्यांना लागत नाही त्यांचं मला कौतुक आहे, फक्त त्यांनी मला शिकवायला येऊ नये. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथं मधली काही वर्षं बंद होती, म्हणजे मागच्या दारानं मिळायची, आता पुन्हा सुरू आहे. म्हणजे नदीच्या या काठाला जे पाप, ते त्या काठाला बिलासकट मिळतं. संध्याकाळी ब्रह्मपुरीकडे जाणाऱ्या जीपा बघाव्यात. जाताना सगळे गप्प, येताना सगळे गायक.

त्या जीपमधून उतरून मी घरी आलो की भिंतीपलीकडे नाक तयार असायचं. मी बडीशेप खाल्ली, वेलची चावली, एकदा तर अख्खा कच्चा कांदा खाल्ला. बाई पलीकडून म्हणाल्या, "भाऊ, कांदा कोनासाठी खाल्ला?" माझ्या बायकोनं त्या नाकाशी युतीच केली होती. ती मला काही विचारायचीच नाही, सरळ भिंतीकडे बघायची.

हे नाक असं घरबसल्या तयार झालेलं नाही. बाई आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मोहफुलं गुळाच्या पाण्यात कुजत घातली की जे तयार होतं त्याला आमच्याकडे सडवा म्हणतात, पुढे त्याचीच दारू गाळतात. हा सडवा लोक जंगलात ड्रममध्ये भरून पुरून ठेवत. पोलीस काठीनं जमीन ठोकत फिरायचे आणि बाई नुसत्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मग बोट दाखवायच्या, की तिथं खणा. कितीतरी मडकी त्यांनी स्वतःच्या हातानं फोडली. एकदाच काय त्या नमल्या. जंगलातल्या एका टोलीवर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, एक म्हातारी त्यांना म्हणाली, "हे पेनाचं होतं, बाई." पेन म्हणजे तिथल्या गोंड लोकांचा देव. पुढच्या खेपेपासून बाई तिथलं एक लहान मडकं सोडून द्यायला लागल्या. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "देवाचा वास मले ओळखू येत नाई."

आणि बाई कधी बसायच्या नाहीत. मंडळाची सभा उभ्यानं घ्यायच्या, चहा उभ्यानं प्यायच्या, जेवायच्यासुद्धा ओट्याशी उभं राहून. बसा म्हटलं तर म्हणायच्या, "बसाले मेली का माही कामं?"

आता वामनभाऊ. हे बाईंचे यजमान, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. स्वभावानं इतका गरीब माणूस की सुट्टे नसले तर प्रवाशाचीच माफी मागायचा. रोज संध्याकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालायचे, भांग पाडायचे, आणि म्हणायचे, "जरा बसून येतो."

आपल्याकडे कुणी दारू पितो म्हणत नाही. बसतो म्हणतात. काल बसलो होतो, शनिवारी बसू, खूप दिवस झाले बसलो नाही. त्यामुळे ज्याला कळायचं त्याला कळतं आणि लेकरांना वाटतं बाप सभेला गेला. वामनभाऊ ब्रह्मपुरीला जाऊन बसायचे आणि शेवटच्या जीपनं परत यायचे. फाटकात बाई उभ्या. "हा करा." हे निमूट हा करायचे आणि वर म्हणायचे, "झालं चेकिंग? पंच कर आता." बाई भांडायच्या नाहीत. "जेवन झाकलं आहे," एवढंच म्हणायच्या, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. अशी वर्षानुवर्षं गेली.

गाव काय, तोंड आहेच त्याला. दिव्याखाली अंधार, असं भर सभेत एकानं बाईंना ऐकवलं. बाई म्हणाल्या, "हो. आहे अंधार. मंग बाकीचे दिवे विझवू का मी?" तो खाली बसला. पण त्या दिवशी घरी येताना बाईंनी फाटक इतक्या जोरात आपटलं की माझ्या भिंतीचा पोपडा पडला.

मग वामनभाऊंचे पाय सुजले, पोट फुगलं. नागपूरच्या डॉक्टरनं लिव्हर गेलं म्हणून सांगितलं, आता थेंबही नको. परत आल्यावर दोन दिवस हे घरात बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा शर्टाला इस्त्री.

त्या संध्याकाळी बाईंनी मला भिंतीशी बोलावलं. मी आपला सवयीनं तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या. एक इचारतो. बीअर कडू राह्यते का?"

"राह्यते ना."

"लई कडू?"

"सवय झाली की नाई वाटत."

बाईंनी थोडा विचार केला. "त्यायले कडूच पायजे ना? मंग कडू मी देतो घरी. त्याच्यासाठी पूल काऊन ओलांडाचा?"

कुणीतरी त्यांना मोबाइलवर अद्रकीच्या बीअरचा व्हिडिओ दाखवला होता. नाव बीअर, पण नशा नाही. तो व्हिडिओ त्यांनी माझ्या अंगणात उभ्या राहून मला दाखवला. त्यातली बाई पुण्याकडची होती. ती गोड आवाजात म्हणाली, "आता आलं घालूया." कौसल्याबाईंनी मागे वळून फाटकाकडे पाहिलं. "कोन आलं?" मी सांगितलं, ते लोक अद्रकीला आलं म्हणतात. बाई म्हणाल्या, "मंग पाहुना आला तं काय म्हनते हे?"

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू. काचेच्या बरणीत किसलेली अद्रक, गूळ आणि पाणी. त्याला त्या विरजण म्हणायच्या. रोज सकाळी चमचाभर गूळ घालायच्या आणि बरणीला विचारायच्या, "भूक लागली का रे?" वामनभाऊ ओसरीवरून मला म्हणाले, "मुनीमजी, पाहा. त्या बरणीले रोज इचारते."

विरजणाला फेस आला की त्यात लवंग, दालचिनी, काळी मिरी, लिंबू यांचा उकळून गार केलेला काढा घालायचा आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचं. व्हिडिओ इथं संपत होता. बाईंचा प्रश्न इथं सुरू होत होता, कारण हे सगळं गोड लागणार. मग त्यांनी कडूनिंबाची पानं घातली. मग किराईत घातली, जी आमच्याकडे तापाला देतात आणि जी पिऊन ताप भीतीनंच उतरतो. पण एवढं करून चव घ्यायची कुणी? बाईंनी जन्मात दारूला जीभ लावलेली नाही. बीअर कशी लागते हे माहीत असलेला, घरापासून जवळचा आणि नाही म्हणायची हिंमत नसलेला माणूस एकच होता.

मला स्टीलच्या ग्लासात दिली. पहिल्यांदा अद्रक सरळ नाकात गेली. मग लवंग आली. मग किराईत जिभेच्या मुळाशी जाऊन बसली आणि तिथून हलेना. काढ्याला फेस आला होता, बस.

"बीअरसारखं लागते का?"

"बाई, बीअर कडू राह्यते. हे सूड घेऊन राह्यलं."

"मंग कडू कमी करतो," बाई म्हणाल्या आणि ग्लास धुवायला घेऊन गेल्या. आठवड्यातून दोनदा माझी परीक्षा व्हायची. नापास बाई व्हायच्या आणि शिक्षा मी भोगायचो. माझी बायको म्हणाली, "घ्या. फुकट मिळून राह्यली ना? घ्या आता."

मे महिना लागला. आमच्याकडच्या मे महिन्यात सकाळचं दूध दुपारी दूध राहत नाही. बाईंनी भरलेल्या बाटल्या पलंगाखाली ठेवल्या आणि त्याच खोलीत मंडळाची सभा बोलावली. या वेळी बाटल्या काचेच्या होत्या. जंगलातल्या धाडींत गोळा झालेल्या रिकाम्या बाटल्या, धुऊन, उकळून घेतलेल्या. सभा रंगात आली आणि पलंगाखाली ठो झालं. आमच्या जिल्ह्यात असा आवाज झाला की माणसं आधी जमिनीवर आडवी होतात आणि मग विचार करतात. सगळ्या बाया आडव्या झाल्या. आडव्या झाल्या म्हणून त्यांचं तोंड नेमकं पलंगाच्या दिशेला गेलं आणि पलंगाखाली दारूच्या बाटल्यांची रांग दिसली. त्यातली एक फुटून फेसाळत होती.

तेवढ्यात दुसरी फुटली. एकीनं हळूच विचारलं, "बाई, हे काय होय?"

बाई एकट्याच उभ्या होत्या. त्यांनी खाली वाकून वास घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगणात घेतला तसाच नीट घेतला. म्हणाल्या, "सडवा होय." गुळाला आणि उन्हाला त्यांचा हेतू कुठं माहीत होता. उरलेल्या बाटल्या त्यांनी स्वतः बाहेर नेल्या आणि सगळ्यांसमोर नालीत ओतल्या. मंडळाच्या नियमाप्रमाणे जो दंड बाकीच्यांना लावायच्या तोच स्वतःला लावला, आणि अध्यक्षपद सोडलं. एकदोघी म्हणाल्या, राहू द्या बाई, चुकून झालं. त्या म्हणाल्या, "ज्याचं मडकं फोडलं तोई हेच म्हने."

मला वाटलं आता सुटलो. कसला सुटतो? बाईंनी फक्त पद्धत बदलली. एकच रात्र मुरवायचं, सकाळी ओल्या पोत्यात गुंडाळून पाण्याच्या रांजणात ठेवायचं, आणि संध्याकाळी नाकानं तपासल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. गावात आता त्यांना बीअरवाली बाई म्हणायला लागले होते. पोरं फाटकाशी येऊन "हाऽ" करून पळायची. बाई ऐकायच्या आणि अद्रक किसत राहायच्या. इकडे वामनभाऊंचा शर्ट अंगावर लोंबायला लागला होता आणि तरी रोज इस्त्री होत होता.

पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस मी ग्लास तोंडाला लावला आणि काय सांगू, ती बीअर नव्हती, पण तिनं मला बीअरची आठवण करून दिली. थंड, नाकात झिणझिणी, आधी मसाला आणि मागून सभ्य असा कडवटपणा. मी म्हणालो, "बाई, झाली." त्यांनी माझ्या हातातला अर्धा ग्लास काढून घेतला. "मंग ठेवा. त्यायले कमी पडन."

संध्याकाळी त्यांनी मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून असेल. वामनभाऊ शर्ट घालून तयारच होते. बाईंनी ओसरीवर खुर्ची ठेवली, काचेचा ग्लास भरला आणि समोर उभ्या राहिल्या. वामनभाऊंनी वास घेतला, एक घोट घेतला, मग दुसरा. मी पाहत होतो, बाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

"चांगली आहे," वामनभाऊ म्हणाले.

"कडू आहे ना?"

"आहे. बराबर आहे."

त्यांनी ग्लास सावकाश संपवला, रुमालानं मिशी पुसली, उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "जरा बसून येतो."

मला वाटलं आता बाई त्यांना उभं चिरतील. पण त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला मान पुढे करावी लागली. "काय कमी पडलं ते तं सांगा. लवंग? अद्रक? मी टाकतो ना."

वामनभाऊ फाटकाशी थांबले. या माणसाला मी कधी लांब वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. "त्याच्यात काई कमी नाई," ते म्हणाले. "तिथी चार जन राह्यते. बसते. काई बोलते, काई नाई बोलत. इथी मी पितो अन् तू उभी राहून पाह्यते. मी जेवतो तवाई तू उभी. मले वाटते धाड पडली."

"मंग तुमी जे रोज म्हनता, बसून येतो..."

"बसालेच जातो ना मी. तुले काय वाटलं?"

आणि ते गेले. जीप निघाल्याचा आवाज आला. बाई त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मी भिंत ओलांडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. बाई एका खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना बसतात तशा. दोन ग्लास भरले होते. पहिल्या दिवशी त्या तीनदा उठल्या. एकदा गॅस बघायला, एकदा फाटक लावायला, एकदा उगीचच. तिसऱ्यांदा वामनभाऊ म्हणाले, "बस ना वं," आणि त्या बसल्या. त्या दिवशी शर्टाला इस्त्री होती, पण जीपमध्ये वामनभाऊ नव्हते.

पुढे मधे दोनदा ते ब्रह्मपुरीला गेले, खोटं कशाला बोलू. बाकी रोज मात्र ओसरीवर. माझं स्वयंपाकघर त्या बाजूला, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. बारमध्ये एक मास्तर दुसऱ्या ग्लासाला रडतो, एक खतवाला रोज तोच विनोद सांगतो, हे वामनभाऊ सांगायचे. एकदा बाई खळखळून हसल्या. माझ्या बायकोनं लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तो आवाज आम्ही ऐकला नव्हता.

एकदा त्यांचं नव्या लग्नाच्या दिवसांवरून बोलणं निघालं. सिंदेवाहीला माहेरी जाताना आपल्याला दर वेळी खिडकीची जागा मिळायची, आपलं नशीबच तसं, असं बाई सांगत होत्या. वामनभाऊ म्हणाले, "नशीब कायचं? मी त्या जागेवर माही तिकिटाची पेटी ठेवून राहो." बाईंनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सांगाचं होतं ना तवाच." ते म्हणाले, "इचारलं नाई तू."

मला राग येतो, आजही येतो. दोघांचाही येतो. आयुष्यभर भर गर्दीत तिकीट तिकीट म्हणून ओरडलेला माणूस, त्याला घरात "बस" हा एक शब्द म्हणता येऊ नये? आणि जिला जमिनीखालचा सडवा सापडायचा, तिला समोरचा नवरा सापडू नये? अरे, एका खुर्चीचा तर प्रश्न होता.

खुर्ची आली तोवर उशीर झाला होता. धानाची रोवणी आटोपली त्या सुमारास वामनभाऊ गेले. नागपूरच्या डॉक्टरनं तेच सांगितलं जे आधी सांगितलं होतं, की हे फार आधी थांबायला हवं होतं. मयतीला ब्रह्मपुरीहून एक जीप भरून माणसं आली. तो रडणारा मास्तर, तो खतवाला, आणखी दोघंतिघं. बाईंनी कुणालाच हा करा म्हटलं नाही. सगळ्यांना चहा दिला.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मंडळाच्या बाया अध्यक्षपद परत घ्या म्हणून आल्या, बाई नको म्हणाल्या. पण रांजणात बाटल्या होत्याच. अद्रकीचा वास भिंतीवरून यायचा थांबला नव्हता.

एका संध्याकाळी मी मिलमधून येत होतो. गल्लीत माणसं होती. बाईंनी ओसरीवरून मोठ्यानं हाक मारली, "भाऊ, बसता का?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघून हसली. दारूबंदीवाल्या बाई मुनीमजीला बसता का विचारतात, म्हणजे आता काय उरलं? मीही जरा लाजलो. पण गेलो. वामनभाऊंच्या खुर्चीवर बसलो. बाई दुसऱ्या खुर्चीवर पूर्ण टेकून बसल्या होत्या. त्यांनी दोन ग्लास भरले. मी एक घोट घेतला. किराईत पुन्हा जास्त पडली होती, पण मी म्हणालो, "चांगली आहे."

बाईंनी आपल्या ग्लासातला घोट घेतला आणि औषध घेतल्यासारखं तोंड केलं.

"खोटं नका बोलू भाऊ," त्या म्हणाल्या. "मले हे कवाच आवडलं नाई. त्यायलेई आवडत नव्हतं, मले मालूम होतं."

"मंग काऊन करता?"

बाई रस्त्याकडे बघत होत्या. ब्रह्मपुरीची जीप भरून चालली होती.

"हे कडू आहे ना," त्या म्हणाल्या, "हळूहळू प्या लागते. तेवढा वेळ कोनी उठत नाई."